आंब्याच्या माळ्याला बोर्ड लावताय? आधी वासे मोजा

विक्रीसाठी गिरगाव, लालबाग, दादरकडे कौलारू माळा घेतलाय त्यांनी हे वाचाच.

एप्रिलच्या दुपारी कौलं तापली की वरच्या पेट्यांतल्या हापूसची साल नीट पिवळी होत नाही, आत गर मात्र मऊ पडतो. वाशांमध्ये जाड, घट्ट थर्माकोलचे बोर्ड बसवले तर उष्णता बरीच अडते.

पण जुन्या चाळीतले वासे सरळ नसतात, त्यामुळे एकाच मापाने सगळे बोर्ड कापू नका. दोन वाशांमधलं अंतर वर, मध्ये, खाली असं तीनदा मोजा आणि बोर्डावर नंबर टाका. दोन-तीन मिलिमीटर जास्त ठेवून धारदार कटरने कापा, म्हणजे दाबून बसतो. उरलेली फट पीयू फोमने भरा. मात्र बोर्ड कौलांना भिडवू नका. एक-दीड इंच हवा खेळू द्या, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून वासे कुजतील.

थर्माकोलला टेकलेली वायर काही वर्षांत कडक होऊन तडकते, ती पाइपातून न्या. थर्माकोल झपाट्याने पेटतो, म्हणून खालून जिप्सम किंवा सिमेंट शीट हवीच. तिथे पैसे वाचवू नका. मालकाची लेखी परवानगी आधी घ्या.

आणि खिडकी उघडी ठेवा, पिकणारा आंबा स्वतःही तापतो.