खाल्डियन म्हणजे नेमके कोण?

उत्तर इराकमधलं अलकोश हे गाव डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं आहे. वर कड्यात सातव्या शतकातला रब्बान होर्मिझ्द मठ आहे. त्यातल्या खडकात खोदलेल्या खोल्या पाहिल्या की आपल्याकडची लेणी आठवतात. इथली माणसं घराला ‘बेथा’ म्हणतात, भाकरीला ‘लखमा’. ही त्यांची सूरेथ बोली, येशूच्या मायबोलीच्या, म्हणजे अरामीच्या कुळातली. आणि ही माणसं स्वतःला खाल्डियन म्हणवतात.

मग हे बाबिलोनचा खाल्डियन राजा नेबुखद्नेझर याचे वंशज का? प्राचीन खाल्डियन पहिल्यांदा भेटतात ते इ.स.पू. नवव्या शतकातल्या असिरियन लेखांत. त्यांची वस्ती पार दक्षिणेला, आखाताजवळच्या दलदलीत. बीत-याकीन, बीत-दक्कुरी, बीत-अमुकानी ही त्यांची घराणी. ‘बीत’ म्हणजे घरच. अलकोशच्या ‘बेथा’चं सख्खं भावंड. इ.स.पू. 539 मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन घेतलं आणि तिथली खाल्डियनांची सत्ता संपली. पुढे ग्रीक-रोमन लोक ज्योतिष्यालाच ‘खाल्डियन’ म्हणू लागले. जमातीचं नाव धंद्याला चिकटलं.

ते पुन्हा माणसांना मिळालं 1445 मध्ये. सायप्रसमधले पूर्व सिरियाक, म्हणजे अलकोशच्याच परंपरेतले ख्रिस्ती रोमशी जोडले गेले, तेव्हा यांना ‘नेस्टोरियन’ (रोमच्या लेखी पाखंडी) न म्हणता ‘खाल्डियन’ म्हणावं, असं पोप चौथे युजीन यांनी फर्मावलं. 1552 मध्ये याच अलकोशच्या मठाचे प्रमुख योहन्नान सुलाका यांची पॅट्रिआर्क, म्हणजे चर्चचे सर्वोच्च धर्मप्रमुख, म्हणून निवड झाली. ते रोमला गेले, 1553 मध्ये पोपची मान्यता घेऊन परतले आणि 1555 मध्ये मारले गेले. त्यांचे भाऊ मार जोसेफ केरळच्या ख्रिस्ती समाजासाठी भारतात आले, तर पोर्तुगीजांनी त्यांना गोव्यात अडवलं आणि वसईच्या फ्रान्सिस्कन मठात ठेवून घेतलं. वसईचा किल्ला पाहताना हे कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

नावाचा गुंता केरळातही आहे. त्रिशूरचं ‘खाल्डियन’ चर्च रोमला न मानणाऱ्या असिरियन चर्चचं आहे!

प्राचीन जमातीपासून आजच्या समाजापर्यंत सरळ वंशरेषा काढता येत नाही, हे मान्य करायलाच हवं. पण म्हणून या समाजाची ओळख खोटी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. जे नाव पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं, ज्यासाठी सोसलं, ते त्यांचंच आहे. 1977 च्या इराकी जनगणनेत त्यांना अरब किंवा कुर्द असंच नोंदवावं लागलं; 2005 च्या राज्यघटनेच्या 125 व्या कलमात ‘खाल्डियन’ हा शब्द आला. ऑगस्ट 2014 मध्ये इसिसने तेल केप्पे आणि बतनाया ही त्यांची गावं घेतली आणि ती ओस पडली. आज अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या परिसरात त्यांची फार मोठी वस्ती आहे.

अलकोश मात्र इसिसच्या हाती लागलं नाही. गाव सोडून गेलेले बरेच जण परतले, आणि तिथल्या चर्चमध्ये आजही सिरियाकमध्ये प्रार्थना होते.