तुळई कुठल्या झाडाची?

शिर्डीतल्या आमच्या आळीत एक माळवदाचं घर पाडलं, तेव्हा त्याच्या तुळईचा तुकडा मी उचलून आणला. देवघराचा पाट करायचा होता. रंधा मारताच पातं बोथटलं. शेजारी म्हणाले, "निंबच असणार, शिर्डी ना ही!" साईबाबांच्या गुरुस्थानच्या निंबाचा मान मोठा, पण त्यावरून लाकूड ओळखता येत नाही.

रंगावर तर मी विश्वासच ठेवत नाही. धूर आणि तेल सगळ्या लाकडांना एकसारखं काळवंडवतात. म्हणून १० बाय ५ बाय ४ सेंटिमीटरचा ठोकळा कापला. २०० घनसेंटिमीटर आकारमान, वजन १६० ग्रॅम, म्हणजे घनता ०.८. साग असता तर १३० ग्रॅमच्या आसपास भरला असता. सागाचा तो चामड्यासारखा, तेलकट वासही नव्हता.

खरी ओळख आडव्या छेदात असते. पटाशीला धार लावून टोक गुळगुळीत तासलं, थोडं ओलं केलं आणि दहापट भिंगातून पाहिलं. सागात वर्षाच्या सुरुवातीची मोठी छिद्रं रांगेत वलय करतात. इथं छिद्रं विखुरलेली आणि प्रत्येकाभोवती फिकट, पापणीसारखी कड. शेंगा धरणाऱ्या अनेक झाडांत अशी कड दिसते. बैलगाडीच्या चाकांना आणि नांगरांना आपल्याकडे बाभूळ वापरत, म्हणून माझा कौल बाभळीला. पण शिरीषातही अशी कड असते.

पक्कं हवं असेल तर डेहराडूनची वन संशोधन संस्था किंवा बेंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था नमुना तपासून देते. पाठवायचा तुकडा गाभ्याचा घ्या, सालीजवळचा नको.