शिंपल्यांच्या खिडक्या : जतन व दुरुस्ती

लाकडी झडपांत काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ, पारभासी (प्रकाश आत येऊ देणारे पण आरपार न दिसणारे) तुकडे बसविलेल्या खिडक्या. गोव्यातील जुनी घरे आणि चर्चवास्तू यांत त्या आढळतात. पोर्तुगीज अंमलाच्या काळात (१५१०–१९६१) काच महाग व दुर्मिळ असेतोवर त्या प्रचारात होत्या. काच स्वस्त झाल्यावर मागे पडल्या. त्यांतून येणारा प्रकाश सौम्य व दुधाळ असतो. उन्हाचा ताप कमी जाणवतो आणि घरातील माणसे बाहेरून दिसत नाहीत.

रचना : या खिडक्यांसाठी प्लॅक्यूना प्लासेंटा या द्विपुट मृदुकाय प्राण्याचे शिंपले वापरतात. हा प्राणी खाडीच्या व उथळ उपसागराच्या चिखलात राहतो. गोव्यात झुआरी नदीच्या मुखाजवळील चिखली येथे तो आढळतो. त्याचे शिंपले वाटोळे व जवळजवळ सपाट असून सु. ९९ टक्के कॅल्साइटाचे (कॅल्शियम कार्बोनेटाचे) बनलेले असतात. शिंपल्यांच्या कडा कापून चौकोनी तुकडे करतात व ते झडपेतील बारीक लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवून बसवितात. तुकडे डिंकाने अगर लुकणाने पक्के केलेले नसतात. पावसाळ्यात लाकूड फुगते व उन्हाळ्यात आकसते. सैल बसविलेल्या तुकड्यांना त्यामुळे ताण पडत नाही. झडपांसाठी साग, फणस यांसारखी टिकाऊ लाकडे वापरीत.

खराबीची कारणे : गोव्यात वर्षाकाठी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळातच पडतो. लाकडातील आर्द्रता २० टक्क्यांहून कमी असल्यास कुजविणारी कवके सहसा वाढत नाहीत. ती दीर्घकाळ जास्त राहिल्यास लाकूड कुजते. पाणी प्रथम झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत, सांध्यांत आणि चौकटीच्या तळाशी साचते. म्हणून संपूर्ण खिडकी सडल्यासारखी दिसली, तरी नुकसान बहुधा एवढ्याच भागापुरते असते. फुटकी कौले, तुंबलेली पन्हळ आणि जांभ्याच्या भिंतीवर चुन्याऐवजी केलेला सिमेंटचा गिलावा यांमुळे ओल कोंडते. तैलरंगाचे थरावर थर दिल्यास त्यांच्या भेगांतून पाणी आत शिरते, पण वाळत नाही. ओलसर भिंतीतून वाळवीही चौकटीत शिरते.

दुरुस्ती : प्रथम ओलीचे मूळ कारण दूर करावे; तसे न केल्यास नवे लाकूडही कुजते. झडपा उतरविण्यापूर्वी प्रत्येकीवर क्रमांक घालून छायाचित्र घ्यावे. आरीने टोचून पाहिल्यास मऊ झालेला भाग कळतो. तेवढाच भाग कापून काढावा व त्याच जातीच्या, चांगल्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा रेषांची दिशा जुळवून तिरकस सांध्याने जोडावा. ढिले झालेले सांधे खिळे ठोकून आवळू नयेत. ते उकलून नवी लाकडी खुंटी बसवावी. जुन्या बिजागऱ्या व कड्या गंज काढून पुन्हा वापरता येतात. व्हेनिस येथे १९६४ साली संमत झालेल्या वास्तुजतनविषयक सनदेनुसार नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत असावा, परंतु निरखून पाहता वेगळा ओळखू यावा.

जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव असतो. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम २०१६ साली झाले. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये वा ज्योतीने जाळू नये. पृष्ठभाग ओला ठेवून तो खरवडावा आणि लहान मुलांना कामाच्या जागेपासून दूर ठेवावे. स्वच्छ केलेल्या लाकडास जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवल्यास आपोआप पेट घेतात, म्हणून ती पसरून वाळवावीत.

शिंपल्यांची निगा : कॅल्साइट अम्लात विरघळते. त्यामुळे लिंबू, शिरका अथवा फरशी धुण्याचे अम्ल वापरल्यास शिंपल्याचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो. मऊ कुंचल्याने धूळ झाडून ओलसर फडक्याने हळूच पुसणे पुरेसे असते. तुकडा काढताना तो ओढू नये. पट्टी सैल करून खाचेतून सरकवून घ्यावा.

संरक्षण : रुंद वळचण हे या खिडक्यांचे मुख्य संरक्षण होय. पावसाच्या माऱ्यापासून बचावासाठी माडाच्या झावळ्यांचे झाप बांधण्याची कोकण व गोव्यातील पद्धतही उपयुक्त आहे. दरवर्षी मेमध्ये कौले व पन्हळी तपासाव्यात आणि पावसाळा सरल्यावर झडपा उघडून वाळू द्याव्यात.

या जातीच्या शिंपल्यांचा समावेश १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत २००१ साली करण्यात आला. त्यामुळे खाडीतून शिंपले काढून नवी झडप भरणे हा दुरुस्तीचा मार्ग राहिलेला नाही. मोडक्या झडपांतून व पाडलेल्या घरांतून निघालेले सुटे तुकडे म्हणूनच जपून ठेवावे लागतात. कुजलेल्या पट्टीसाठी अख्खी खिडकी टाकून देणाऱ्या घराला तशी खिडकी पुन्हा मिळणे दुरापास्त असते. याउलट वेळीच जोडलेला वीतभर लाकडाचा तुकडा तिचे आयुष्य कित्येक वर्षांनी वाढवितो.