विश्लेषण : आधी मॅराडोना की आधी बारेसी? जुन्या इटालियन फुटबॉलचा ‘ड्राफ्ट’ कसा खेळतात?

बुलढाणा : ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला आणि मोबाइलवर पैसे भरून ‘टीम लावण्या’चा व्यवसाय एका झटक्यात थांबला. पण आपल्या मनातला संघ निवडायचा आणि तोच कसा भारी हे मित्रांना पटवून द्यायचे, ही हौस कायद्याने संपत नाही. याच हौसेचा एक बिनपैशाचा प्रकार म्हणजे निवृत्त खेळाडूंचा ‘ड्राफ्ट’. जगभरातील फुटबॉलप्रेमी त्यासाठी इटलीच्या ‘सेरी आ’ लीगचा जुना काळ आवडीने निवडतात. हा खेळ काय आहे, त्यात वाद कशावर होतात आणि आपल्याकडे तो कसा खेळता येईल, हे समजून घेऊ.

‘फँटसी’ खेळ आला कुठून?

आजच्या फँटसी खेळांचे मूळ अमेरिकेत सापडते. १९८० मध्ये पत्रकार डॅनियल ओक्रेंट आणि त्यांच्या मित्रांनी बेसबॉलपटूंचे काल्पनिक संघ करून स्पर्धा सुरू केली. ते न्यूयॉर्कमधील ज्या रेस्टॉरंटमध्ये जमत, त्याच्या नावावरून या प्रकाराला ‘रोटिसरी लीग’ म्हटले गेले. तीच कल्पना इटलीत रिकार्दो अल्बिनी यांनी फुटबॉलला लावली. ‘फँटाकॅल्चो’ या नावाने १९९० मध्ये तिचे नियमपुस्तक निघाले.

तिथे मित्रमंडळी ठरावीक काल्पनिक रकमेत खेळाडूंचा लिलाव करतात, आपल्या आयपीएलसारखाच. सामन्यानंतर क्रीडा दैनिके प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात. त्यात गोलचे तीन गुण मिळवायचे, पिवळ्या कार्डाचा अर्धा आणि लाल कार्डाचा एक गुण वजा करायचा. भारतात ही कल्पना घराघरांत पोहोचवणाऱ्या ‘ड्रीम ११’ची सुरुवात २००८ मध्ये मुंबईत झाली.

मग ड्राफ्ट वेगळा कसा?

‘ड्रीम ११’वर एकच खेळाडू लाखो लोकांच्या संघात असू शकत होता. ड्राफ्टमध्ये तसे चालत नाही. एकाने मॅराडोना घेतला की तो बाकी सगळ्यांसाठी संपला.

निवड नागमोडी क्रमाने होते. समजा आठ जण आहेत. पहिल्या फेरीत एक ते आठ या क्रमाने निवड होते. दुसऱ्या फेरीत क्रम उलटतो, म्हणजे आठव्याला लागोपाठ दोन खेळाडू मिळतात. पहिल्याची पुढची पाळी थेट सोळावी येते, पण त्याला लगेच सतरावा खेळाडूही घेता येतो. अकरा फेऱ्यांत ८८ खेळाडू उचलले जातात.

दुसरा फरक अधिक मोठा आहे. हे खेळाडू निवृत्त झालेले असल्याने उद्याचा कोणताही सामना निकाल लावणार नाही. दोन संघ समोरासमोर ठेवायचे, दोघांनी आपापली बाजू मांडायची आणि बाकीच्यांनी मत द्यायचे. इथे नशिबाला जागा कमी आणि युक्तिवादाला जास्त.

यासाठी इटलीचीच लीग का?

कारण १९८० ते २००० या दोन दशकांत जगातील बहुतेक मोठे खेळाडू कधी ना कधी तिथे खेळले. इटालियन क्लबांना परदेशी खेळाडू घेण्यास १९६० च्या दशकापासून बंदी होती. ती १९८० मध्ये उठली. आधी प्रत्येक क्लबला एक, १९८२ पासून दोन आणि १९८८ पासून तीन परदेशी खेळाडूंची मुभा मिळाली. जागा मोजक्याच असल्याने क्लब निवडूनच माणसे आणत.

युव्हेंटसने १९८२ मध्ये मिशेल प्लॅटिनीला आणले. झिको १९८३ मध्ये उदिनेझेकडे गेला, तर १९८४ मध्ये मॅराडोना नापोलीत दाखल झाला. मिलानने गुलीट, व्हॅन बास्टेन आणि रायकार्ड हे डच त्रिकूट जमवले. इंटरकडे ब्रेमे आणि मॅथ्यूज हे जर्मन होते. विजेतेही बदलत राहिले. १९८५ मध्ये व्हेरोना, १९८७ आणि १९९० मध्ये नापोली, १९९१ मध्ये सॅम्पडोरिया. त्यामुळे ड्राफ्टमध्ये एकाच क्लबच्या चाहत्याची मक्तेदारी चालत नाही.

पहिली पाळी आली, तर कोणाला घ्यावे?

बहुतेकांचे उत्तर मॅराडोना. ते चुकीचे नाही. पण ड्राफ्टमध्ये प्रश्न ‘सर्वांत मोठा कोण’ एवढाच नसतो. ‘हा आता सोडला, तर माझ्या पुढच्या पाळीला त्याच्या जागी कोण उरेल’ हा खरा प्रश्न असतो. आठवडी बाजारात जी भाजी दहा दुकानांत आहे ती शेवटी घेतली तरी चालते; जी एकाच दुकानात आहे तिथे आधी जावे लागते. ड्राफ्टचे गणित तसेच आहे.

गोलरक्षक पाहा. दिनो झॉफ, वॉल्टर झेंगा, पाग्लियुका, पेरुझी, टोल्डो, बुफॉन अशी रांग आहे. आठव्या माणसालाही चांगला गोलरक्षक मिळतो, म्हणून त्यासाठी आधीची पाळी खर्च करणे तोट्याचे. दहा नंबरच्या जागेचेही तसेच. प्लॅटिनी, झिको, बॅजिओ, झिदान, टोट्टी, झोला, मॅन्चिनी, रुई कोस्टा असे खेळाडू पुढच्या फेऱ्यांतही हाती लागतात.

टंचाई असते ती मैदानाच्या कडेने खेळणाऱ्यांची. रोमाचा ब्रुनो कॉन्टी, मिलानचा डोनाडोनी, लाझिओ आणि युव्हेंटसचा नेडव्हेड ही नावे संपली की यादी झपाट्याने आटते. नवखा माणूस आधी तीन आक्रमक घेतो आणि सहाव्या फेरीत त्यांना चेंडू पुरवायला कोणीच उरलेले नाही, हे त्याच्या लक्षात येते.

बचावात जोडीला किंमत असते. बारेसी, माल्दिनी, कोस्टाकुर्ता आणि तासोत्ती हे मिलानमध्ये वर्षानुवर्षे एकत्र खेळले. १९९३-९४ मध्ये मिलानने ३४ सामन्यांत फक्त ३६ गोल केले, पण खाल्ले अवघे १५, आणि तोच संघ विजेता ठरला. म्हणून एकाने बारेसी घेतला की शेजारचा मुद्दाम माल्दिनी उचलून ती जोडी फोडतो. ड्राफ्टमधली खरी गंमत इथे सुरू होते.

वाद नेमके कशावर होतात?

पहिला वाद : खेळाडूची कोणती वर्षे धरायची? नियम ‘फक्त इटलीतील कामगिरी’ असा असेल, तर थिएरी ऑन्रीसारखे मोठे नावही कामाचे नाही. १९९९ मध्ये युव्हेंटसकडून तो १६ लीग सामने खेळला आणि तीन गोल करून इंग्लंडला गेला. डेनिस बर्गकँपनेही इंटरकडून दोन हंगामांत ५२ लीग सामन्यांत ११ गोलच केले. हा नियम आधी लिहून ठेवला नाही, तर निम्मा वेळ याच भांडणात जातो.

दुसरा वाद : आकड्यांची तुलना. मॅराडोना १९८७-८८ मध्ये लीगचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला तो १५ गोलांवर. २०१५-१६ मध्ये हिग्वेनने ३६ गोल केले. म्हणून हिग्वेन दुपटीने भारी ठरतो का? तेव्हा १६ संघ आणि ३० सामने होते, आता २० संघ आणि ३८ सामने आहेत. शिवाय गोलरक्षकाकडे मागे पास देऊन त्याने चेंडू हातात घेण्यावर १९९२ पर्यंत बंदी नव्हती, त्यामुळे खेळ संथ ठेवणे सोपे होते. आकडा त्याच्या काळातील इतर आकड्यांशी ताडूनच बोलावे लागते.

तिसरा वाद : एकटा मोठा की संघ मोठा? १९८३-८४ मध्ये प्लॅटिनीने २० गोल केले, तर झिकोने १९. तरीही झिकोचा उदिनेझे विजेतेपदाच्या आसपासही नव्हता. पुढच्याच हंगामात ओसवाल्दो बान्योली यांच्या व्हेरोनाने तुलनेने साध्या संघाच्या बळावर लीग जिंकली. त्यामुळे मत देताना ‘किती मोठी नावे’ यापेक्षा ‘हे अकरा जण एकत्र खेळतील का’ हे पाहणारे परीक्षक चांगले.

यात खोट काय?

मतदान लोकप्रियतेकडे झुकते. आज तिशीच्या आत असलेल्या कोणी बारेसीला भर बहरात पाहिलेले नाही. बहुतेकांची ओळख मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या चित्रफितींपुरती असते. त्यात गोल दिसतात, पण बचावपटूने गोल होऊच दिला नाही ते दिसत नाही. परिणामी आक्रमकांना जास्त मते पडतात. यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक दाव्याला क्लब आणि हंगाम जोडायचा. ‘तो जबरदस्त होता’ हे चालणार नाही. ‘१९९१-९२ मध्ये व्हॅन बास्टेनने २५ गोल केले आणि मिलान हंगामभर अपराजित राहिला’ हे चालेल.

कायदा काय सांगतो?

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘ड्रीम ११’चा खेळ कौशल्याचा ठरवला होता. २०२५ च्या कायद्याने पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य आणि नशीब हा फरकच बाजूला ठेवला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची, तर जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. या खेळांत दरवर्षी सुमारे ४५ कोटी लोकांचे मिळून २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडतात, असा सरकारचा अंदाज होता.

मित्रांच्या गटातील बिनपैशाचा ड्राफ्ट हा पैशांचा खेळ नाही. पण ‘प्रत्येकी शंभर रुपये काढू, जिंकेल त्याने न्यावेत’ असे ठरले की चित्र बदलते. गटात पैशांचा विषय आणूच नये, हे उत्तम.

बुलढाण्यात हा खेळ कसा मांडता येईल?

सहा ते आठ जण, एक व्हॉट्सॲप गट आणि एक वही पुरते. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. प्रत्येक निवडीला ठरावीक वेळ द्या. वेळ संपली तर पाळी पुढच्याला. संघ पूर्ण झाल्यावर प्रत्येकाने मैदानावरील रचना आणि शंभर शब्दांत आपली बाजू लिहावी. ज्यांचा सामना लागला आहे, त्या दोघांनी त्या सामन्यात मत देऊ नये.

इटलीची नावे अनोळखी वाटत असतील, तर विदर्भाच्या रणजी संघावर हाच प्रयोग करता येईल. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीन विजेतेपदे हाताशी आहेत. पहिल्या पाळीला कोण? २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी, की २०२४-२५ च्या एका हंगामात विक्रमी ६९ बळी घेणारा हर्ष दुबे? फैज फजलचे नेतृत्व आधी घ्यायचे, की मुंबईहून आलेल्या वासिम जाफरचा अनुभव? आणि उमेश यादव भारतीय संघासोबत असताना विदर्भासाठी जे सामने खेळला नाही, त्यांचा हिशेब कसा करायचा? ‘कोणती वर्षे धरायची’ हा इटलीतला वाद इथेही तसाच उभा राहतो. उत्तर द्यायला मात्र तुमच्या गटात ते सामने पाहिलेले कोणीतरी नक्कीच असेल.