खगोलीय एकक आणि मुद्रकाचा पॉइंट

सूर्यमालेची आकृती छापावयाची झाली म्हणजे दोन अगदी भिन्न मापनपद्धतींची गाठ पडते. विषय कोट्यवधी किलोमीटरांचा. पान मात्र मुद्रक पॉइंटांनी आणि पायकांनी मोजतो. हा केवळ गुणाकाराचा प्रश्न आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु कोणता पॉइंट घ्यावयाचा, हे ठरविल्याखेरीज तो गुणाकार करताच येत नाही.

अमेरिकेतील खिळे ओतणाऱ्यांनी १८८६ साली स्वीकारलेला पॉइंट सुमारे ०.०१३८३७ इंचाचा, म्हणजे ०.३५१५ मिलिमीटर होय. संगणकावरील अक्षरजुळणीत रूढ असलेला पॉइंट इंचाचा बहात्तरावा भाग, म्हणजे ०.३५२८ मिलिमीटर. हा फरक छापील अक्षरात डोळ्यांस जाणवणारही नाही.

खगोलीय एकक आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २०१२ साली नेमके १,४९,५९,७८,७०,७०० मीटर असे ठरविले. इंच १९५९ पासून नेमका २५.४ मिलिमीटरांचा आहे. तेव्हा संगणकी पॉइंट घेतल्यास हे गुणोत्तर पूर्णतः निश्चित होते; एका खगोलीय एककात सुमारे ४.२४ गुणिले १० चा १४ वा घात इतके पॉइंट मावतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यासंज्ञांत या घातास ‘जलधि’ म्हटले आहे. म्हणजे हे जवळजवळ सव्वाचार जलधि पॉइंट झाले. प्रकाशवर्षाचे सुमारे २६८ परार्ध होतात, आणि परार्ध ही तर त्या मालिकेतील शेवटचीच संज्ञा! पार्सेकची गोष्ट निराळी. त्याच्या व्याख्येत π येत असल्याने त्याचे पॉइंटाशी गुणोत्तर अपरिमेयच राहते.

आता संगणकी पॉइंटांत काढलेली ही संख्या कोणी अमेरिकन पॉइंटांची समजून परत किलोमीटरांत नेली, तर सूर्य सुमारे ५,५९,००० किलोमीटर जवळ येईल. चंद्राचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आहे, हे लक्षात घेतल्यास या चुकीचा आवाका कळेल.

व्यवहारात एक खगोलीय एकक बरोबर एक पायका, म्हणजे बारा पॉइंट, हे प्रमाण सोयीचे पडते. नेपच्यून सूर्यापासून ३६१ पॉइंटांवर, सुमारे १२७ मिलिमीटरांवर येतो आणि पानात बसतो. सूर्यबिंबाचा व्यास मात्र पॉइंटाचा नववा हिस्सा भरतो, आणि पृथ्वी तर कोणत्याही शाईने उमटविता येणार नाही. म्हणून बिंबे प्रमाणाबाहेर मोठी काढावी लागतात. तसे केल्यास आकृतीखाली स्पष्ट सांगावयास हवे; एरवी विद्यार्थी बिंबे आणि अंतरे एकाच मापाची समजतो. सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याच प्रमाणात दाखवावयाचा तर कागद १.१४ किलोमीटर लांब लागेल.