अंकपाताची पाटी

उज्जैनला महाकालेश्वराच्या दर्शनास जाणारा गोमंतकीय यात्रेकरू परतण्यापूर्वी बहुधा सांदीपनी ऋषींच्या आश्रमातही डोकावून येतो. आश्रमालगतच अंकपात नावाचे स्थान आहे. गुरूने घातलेले अंक लिहून झाले की श्रीकृष्ण आपली पाटी तेथे धूत असे, म्हणून हे नाव पडले, अशी श्रद्धा आहे. द्वारकेचा भावी राणा आणि दरिद्री सुदामा एकाच गुरूपाशी शिकले, ही कथा कीर्तनकारांनी आपल्याकडे घरोघर पोचविली आहे. मात्र ती ऐकताना एक गोष्ट नजरेआड होते. त्या दोघांचा केवळ गुरूच एक नव्हता. छप्पर एक होते, अन्न एक होते आणि रानातून लाकडे आणण्याचे कष्टही एकच होते. वादळी पावसाची ती प्रसिद्ध रात्र दोघांनीही सारखीच कुडकुडत काढली.

आज आपण मुलांना पाठ्यपुस्तक एक दिले, प्रश्नपत्रिका एक दिली आणि बाकीचे सारे ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडून दिले. दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला की गुणवंतांचे सत्कार होतात. ते अवश्य व्हावेत. परंतु जे मागे पडले त्यांच्याविषयी 'मुळात बुद्धीच बेताची' असा जो निवाडा तितक्याच सहजतेने दिला जातो, तो आम्हांस मान्य नाही.

हा निवाडा किती फसवा आहे, हे त्याच उज्जयिनीची दुसरी एक कथा सांगते. पाली जातकांत चित्त आणि संभूत या दोन भावांची गोष्ट आहे. उज्जयिनीच्या वेशीबाहेर राहणारे हे चांडाळ कुळातील तरुण. एके दिवशी नगरद्वारी आपली कला दाखवीत असता एका श्रेष्ठीच्या आणि एका पुरोहिताच्या कन्येची दृष्टी त्यांच्यावर पडली. अपशकुन झाला म्हणून त्या डोळे धुऊन माघारी फिरल्या आणि लोकांनी या दोघा भावांना बेदम मारले. तेव्हा कूळ लपवून ते तक्षशिलेस गेले व विद्यार्थी झाले. चित्ताचे अध्ययन तर पूर्णत्वास गेले. पण एकदा एका यजमानाकडे भोजनास गेले असता कढत खिरीने संभूताचे तोंड पोळले, भान सुटले आणि त्याच्या तोंडून घरची बोली बाहेर पडली. चित्तानेही त्याच बोलीत उत्तर दिले. झाले! सहाध्यायांनी त्यांना ओळखले, मारले आणि हाकलून दिले.

या कथेत बुद्धी कोठेही कमी पडलेली नाही. दाराने अडविले, जातीने अडविले आणि अखेरीस जिभेने घात केला. तक्षशिला इतिहासजमा झाली. ती खीर मात्र अजून कढतच आहे. माळव्यातल्या खेड्यात घरी माळवी बोलणारे पोर पुस्तकी हिंदीपुढे गोंधळते. आपल्या वाड्यावरच्या धनगराचे मूल, गावडा-कुणब्यांचे मूल, बांधकामावर राबणाऱ्या लमाण्याचे मूल वर्गात तोंड उघडते आणि बाकीची मुले हसतात. पुन्हा ते तोंड उघडत नाही. गुणपत्रिकेवर मात्र नोंद होते ती 'प्रगती असमाधानकारक' अशी.

दुसरे कारण पोटाचे. उज्जैन विभागातच मंदसौर जिल्हा आहे. देशातल्या असंख्य मुलांनी ज्या पाटीवरच्या पेन्सिलीने पहिला 'श्री' गिरवला, ती पेन्सिल तेथील दगड कापून होत असे. त्या दगडाची धूळ कामगारांच्या छातीत बसे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९८०च्या दशकात तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस जडल्याचे आढळले. या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी मध्य प्रदेश शासनास १९८२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. कर्ता पुरुष ऐन उमेदीत अंथरुणाला खिळला की घरच्या मुलाची पाटी सुटते आणि हाती मजुरी येते. दुसऱ्यांच्या मुलांना अक्षर देणारी पेन्सिल घडवायची आणि आपल्या मुलाने निरक्षर राहायचे, याहून क्रूर विसंगती कोणती? २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशातील स्त्रियांची साक्षरता शेकडा ५९ होती, गोव्यात ८४. म्हणून माळव्यातली मुलगी गोव्यातल्या मुलीहून उपजत मंद, असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय?

ही गोष्ट केवळ आपल्याच देशाची नव्हे. अमेरिकेत जेम्स कोलमन यांनी सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची पाहणी करून १९६६ साली अहवाल दिला. विद्यार्थ्यांच्या यशापयशातील फरकाचा उलगडा शाळेच्या इमारतीपेक्षा आणि साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीवरून अधिक होतो, हा त्याचा निष्कर्ष होता. त्याच सुमारास आपल्या कोठारी आयोगाने सर्व थरांतील मुले एकत्र शिकतील अशी सामाईक शेजारशाळा सुचविली. ती शिफारस कागदावरच राहिली.

मध्य प्रदेशकडे बोट दाखवून आपण मात्र निश्चिंत राहू नये. मुक्तीच्या वेळी गोव्यात शंभरांत तिसाच्या आसपास लोक साक्षर होते. १९६३ साली अधिकारावर आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा उघडल्या आणि मुंडकारांच्या, कुळांच्या मुलांनी प्रथमच पाटी हाती धरली. त्या पाटीवरच आजचे शिक्षक, अधिकारी, डॉक्टर उभे राहिले. त्यांतील कित्येकांनी आपली मुले मात्र त्या शाळेतून काढून शहरातल्या शाळांत घातली. पाठोपाठ कित्येक गावच्या शाळा ओस पडल्या. काही बंद झाल्या, तर उरलेल्यांत ज्यांना दुसरा पर्याय नाही अशांचीच मुले राहिली. ज्या शिडीने आपण वर चढलो ती काढून घ्यायची आणि खाली राहिलेल्यांना चढता येत नाही म्हणून हिणवायचे, हा कोणता न्याय?

उपाय अगदीच हाताबाहेरचे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तो या पोटाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच. ते अन्न सकस आणि वेळेवर मिळते की नाही, हे गावाने पाहावे. पहिली दोन वर्षे मुलाच्या घरच्या बोलीचा हात धरून त्याला शाळेच्या भाषेकडे नेणारा शिक्षक हवा. पटसंख्या घटली म्हणून शाळेला टाळे लावण्याआधी ती का घटली, याचा जाब सरकारला विचारला पाहिजे. आणि ज्या घरात दिव्याखाली बसायला हातभर जागा नाही, तेथील मुलांसाठी आपली मंदिरे, वाचनालये यांनी संध्याकाळी दोन तास एक खोली उघडी ठेवावी. गावोगावच्या सभामंडपांत दिवे लागतातच; त्या उजेडात चार मुले अभ्यासाला बसली तर देवाला काही उणे पडणार नाही.

२०२८ साली उज्जैनला सिंहस्थ भरेल. आपल्याकडूनही अनेकजण क्षिप्रास्नानास जातील, अंकपातावर हात जोडतील. त्या वेळी एवढे आठवावे, की सांदीपनींनी सुदाम्यासाठी निराळी शाळा काढली नव्हती. आपल्या गावच्या सुदाम्याला आपल्या मुलाशेजारी बसवावयास आपण तयार आहोत काय? नसू, तर त्याच्या नापास होण्याचा दोष त्याच्या बुद्धीवर ढकलण्याचा अधिकारही आपल्याला उरत नाही.