पडद्यावरील बिजागरी

मोकळ्या वस्तूला सहा प्रकारे हालता येते: तीन दिशांना सरकणे आणि तीन अक्षांभोवती फिरणे. दाराला बिजागरी बसविली की त्यांपैकी पाच हालचाली बंद होतात. केवळ एक फिरणे उरते. संगणकावर यंत्राचा आराखडा करताना प्रत्येक सांध्याला असेच बंधन घालतात. ते कमी पडल्यास भाग भरकटतो, अधिक झाल्यास जखडतो. इव्हान सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ने १९६३ साली ही वाट दाखविली. सांधे नेमून यंत्र पडद्यावर फिरविले, की कोणता भाग कोठे अडतो हे धातू कापण्यापूर्वीच उमगते. २०२४ साली आलेल्या ‘फ्रीकॅड’च्या १.० आवृत्तीत ही सोय विनामूल्य आहे. तंत्रशिक्षण घेणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यालाही त्यामुळे आपली चूक पोलाद वाया न घालविता सुधारता येईल.